हुजूरपागा: आधी घोडे, मग मुली

नमस्कार मंडळी! लक्ष्मी रोडवर उभी आहे, मागे हॉर्न वाजणार, इलाज नाही. ही समोरची शाळा कागदोपत्री एच. एच. सी. पी. हायस्कूल. हे नाव सांगलीच्या चिंतामणराव पटवर्धनांवरून आलंय, पण ते घेऊन रिक्षात बसलात तर रिक्षावाला तुमच्याकडे बघतच राहील. हुजूरपागा म्हणा, लगेच मीटर टाकेल.

हुजूर म्हणजे पेशवे, पागा म्हणजे घोड्यांचा तबेला. त्या जागेवर मुलींची शाळा!

साल 1884. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर आणि वामन आबाजी मोडक यांनी पुढाकार घेतला. मुलींसाठी हायस्कूल हवं, हे गव्हर्नर फर्ग्युसनसमोर इंग्रजीतून वाचून दाखवलं रमाबाई रानड्यांनी. भरसभेत, इंग्रजीत! घरी गेल्यावर बायकांचे टोमणे खावे लागले, ते वेगळंच.

शाळा सुरू झाली 29 सप्टेंबरला, आणि खरा वाद पुढे पेटला. कशावरून? वेळेवरून! शाळा अकरा ते पाच. टिळकांचं म्हणणं, दिवसभर मुलगी शाळेत बसली तर घरकाम कधी शिकणार? तीन तास पुरेत. आणि इंग्रजी कशाला, मराठी, शिवणकाम, धर्म शिकवा. लोकमान्य मोठेच, पण इथे ते चुकले असं मी बिनधास्त म्हणते. कमेंटमध्ये भांडा.

आता इथल्या मुली. सगळ्यांची नावं घेत बसत नाही, दोघीच घेते. सात वर्षांची एक मुलगी ब्रह्मदेशातून इथे वसतिगृहात आली. तिकडच्या नदीचंच नाव तिला ठेवलेलं, इरावती. शाळेत तिची गट्टी जमली रँग्लर परांजप्यांच्या शकुंतलाशी. शकुंतलाच्या आईला ही पोरगी इतकी आवडली की तिला घरीच घेऊन गेल्या, दुसरी लेक म्हणून.

पुढे शकुंतला केंब्रिजला गणित शिकल्या, रघुनाथराव कर्व्यांबरोबर संततिनियमनाचा प्रचार केला, 1964 मध्ये राज्यसभेवर गेल्या. सई परांजपे त्यांचीच मुलगी. आणि इरावती बर्लिनहून डॉक्टरेट घेऊन आल्या, डेक्कन कॉलेजात मानववंशशास्त्र शिकवलं, 'युगान्त'साठी साहित्य अकादमी मिळवली. इरावतीबाई कर्वे!

आणि हो, पुण्यात स्कूटर चालवणारी पहिली बाई म्हणून ज्यांचं नाव घेतात, त्याही याच. पेठांमधल्या पोरींनो, हेल्मेट घाला.