वाचलं की पुसलं: फेराइटच्या कड्यांतली मेमरी

तळहातावर मावेल एवढी ही चौकट बघा. आत तांब्याच्या बारीक तारांची जाळी, आणि जिथे उभी तार आडव्या तारेला छेदते तिथे एक काळं कडं ओवलेलं. फेराइटचं, म्हणजे लोहाच्या ऑक्साइडपासून भाजून केलेलं. एका कड्यात एक बिट मावतो: चुंबकत्व एका दिशेला फिरलं तर शून्य, उलट फिरलं तर एक. याला म्हणायचे कोअर मेमरी. १९५०च्या दशकाच्या मध्यापासून जवळजवळ वीस वर्षं जगातले बहुतेक संगणक हिच्याच भरवशावर चालले.

त्याआधीचे प्रकार आज ऐकायलाही अजब वाटतात. पाऱ्याने भरलेल्या नळीत ध्वनिलहरी सोडून आकडे खेळते ठेवत. कुठे टीव्हीच्या पडद्यासारख्या काचनळीवर विद्युतभाराचे ठिपके. अमेरिकेत एमआयटी या तंत्रविद्यापीठाच्या व्हर्लविंड संगणकात अशाच काचनळ्या होत्या. महाग, आणि भरवसा शून्य. तिथले अभियंता जे फॉरेस्टर यांनी त्या काढून १९५३ मध्ये कड्यांची जाळी बसवली.

त्यांची युक्ती अशी. कडं उलटायला जेवढा प्रवाह लागतो, त्याच्या निम्मा उभ्या तारेतून सोडायचा आणि निम्मा आडव्या. वाटेतली बाकीची कडी हलत नाहीत. दोन्ही प्रवाह जिथे भेटतात तेवढंच कडं उलटतं. हजारो कड्यांतून नेमकं एक असं निवडता येतं.

गोची होती ती वाचण्यात. कड्यात काय आहे हे नुसतं बघून कळत नाही. त्याला जबरदस्तीने शून्य करायचं. आत एक असेल तर कडं उलटतं, आणि त्यातून गेलेल्या वेगळ्या तारेत क्षीण झटका उमटतो. उत्तर मिळालं, पण माहिती गेली! यावरचा तोडगा हार्वर्डमध्ये काम करणाऱ्या, शांघायमध्ये जन्मलेल्या आन वांग यांचा: वाचलं की लगेच परत लिहायचं. आज सोपं वाटतं. तेव्हा यावरच सगळं अडलं होतं. वांग यांनी १९४९ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला, पुढे ते पेटंट आयबीएमने विकत घेतलं.

ही कडी मुंबईतही होती. कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या गटाने उभारलेला संगणक १९६० मध्ये कामाला लागला. १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचं टिफ्रॅक असं नामकरण केलं. सुमारे २,७०० व्हॅक्यूम ट्यूब्ज, म्हणजे ट्रान्झिस्टरचं काम करणाऱ्या निर्वात काचनळ्या, आणि मेमरी ४० बिटांच्या २,०४८ शब्दांची. शब्द म्हणजे संगणक एका वेळी हाताळतो तेवढा बिटांचा गट. हिशेब केला तर १० किलोबाइट. आज तुमच्या फोनमधला एक साधा फोटो त्यात बसणार नाही.

तारा ओवायचं काम बहुतेक ठिकाणी बायकांनी केलं, भिंगाखाली, सुईने. सुरुवातीची कडी दोन-अडीच मिलिमीटरची, पुढे तर अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान. चंद्रावर गेलेल्या अपोलोच्या संगणकात बदलती माहिती ठेवायला अशीच कडी होती, आणि योगायोग बघा, तिथेही २,०४८ शब्दच, फक्त १६ बिटांचे. त्याचे मूळ प्रोग्राम मात्र चक्क विणलेले: तार कड्यातून गेली तर एक, बाजूने गेली तर शून्य. चूक सापडली तर उसवून पुन्हा विणायचं. यानाचं सॉफ्टवेअर उड्डाणाच्या कितीतरी आधी पक्कं करावं लागे, ते यामुळेच.

वीज गेली तरी कडी विसरत नसत. १९८६ मध्ये चॅलेंजर यान कोसळलं, तेव्हा त्याचे संगणक समुद्रातून बाहेर काढले आणि कड्यांतली माहिती वाचता आली.

तोवर बाजार मात्र सिलिकॉनने काबीज केला होता. इंटेलची ११०३ चिप १९७० मध्ये आली. तिच्यात फक्त १,०२४ बिट, पण किमतीत कडी तिच्यापुढे टिकली नाहीत. आजच्या डीरॅमचा, म्हणजे फोन-संगणकांतल्या चालू कामाच्या मेमरीचा, मूळ नमुना आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांचा: एक ट्रान्झिस्टर, एक विद्युतभार साठवणारा इवलासा कपॅसिटर. हा कपॅसिटर गळका, म्हणून काही मिलिसेकंदांनी त्याला पुन्हा भरावं लागतं. आणि वाचताना तो रिकामाही होतो. फोनची रॅम दर वेळी वाचते आणि लगेच परत लिहिते, वांग यांनी सांगितलं होतं तसंच.