आखाजीच्या आधी धुराडं

आखाजीला, म्हणजे खानदेशातल्या अक्षय्य तृतीयेला, आठ दिवस राहिलेत. अमळनेर तालुक्यातलं हे जिजींचं धाब्याचं घर. सागाच्या कड्या, त्यावर मातीचा जाड थर. बाहेर 42 अंश असले तरी आत बसवतं.

जिजींकडे गॅस आहे, रोजचा चहा-भाजी त्यावरच होते. पण आखाजीला लेकी येणार, आमरसाबरोबर खापरावरच्या पुरणपोळ्या लागणार. पालथं खापर सगळ्या अंगांनी तापायला चूलच हवी. आणि चूल पेटवली की जिजींचे डोळे चुरचुरतात.

"धूर घरमाच फिरस, बाहेर जात नही."

गंमत म्हणजे ही चूल निर्धूर आहे. 1983 साली केंद्र सरकारने अशा चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम काढला, आणि गावोगाव चुलींच्या मागे सिमेंटचे पाईप उभे राहिले. पाईप झाडावाही लागतो, हे जिजींना तरी कुणी सांगितलं नव्हतं.

पुतण्या गवंडीकाम करतो. त्याने आधी हातआरसा मागितला. थंड चुलीत तो तिरपा धरला, की पाईपमधून वरचं आभाळ दिसतं. पाईप चार इंची, म्हणजे वाटीएवढं तरी दिसायला हवं. दिसलं रुपयाच्या नाण्याएवढं.

जुने सिमेंटचे पाईप बऱ्याचदा ॲस्बेस्टॉसचे असतात. ते खरवडू नयेत, करवत तर लावूच नये, कारण ती धूळ फुप्फुसात बसते ती निघत नाही. म्हणून पाणी मारून, न फोडता अख्खा पाईप खाली उतरवला आणि प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळून ठेवला.

त्याआधी टोकं नीट पाहा. चुलीकडची काजळी कोरडी, फुंकरीने उडेल अशी. धाब्याबाहेरच्या टोकाला मात्र काळं, चकचकीत डांबर. ओल्या लाकडाचा धूर गार पाईपला लागला की त्यातली वाफ आणि राळ तिथेच गोठते. हे डांबर पेटतंसुद्धा. यंदा अवकाळीत पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्या, भिजल्या, त्या तशाच चुलीत गेल्या. पऱ्हाटी मोडताना कट्‌ आवाज आला नाही, तर ती अजून ओली आहे.

नवा पाईप पत्र्याचा. त्याच भोकातून वर घेतला, पण सागाची कडी त्याला अगदी चिकटत होती. एवढी वर्षं घर पेटलं कसं नाही, असं मनात आलं, बोललो नाही. कडीचं टोक मागे कापून, मधे विटा आणि माती भरली. वरून पत्र्याची झालर, तिच्याभोवती खारी, म्हणजे धाब्यावर पसरायची खारट माती, चोपून उतार दिला. धाब्यावर दर उन्हाळ्यात खारी पडतेच, पण पाणी शिरतं ते नेमकं याच सांध्यातून.

संध्याकाळी चूल पेटवली. धूर सरळ वर. सगळे खूश.

दुसऱ्या दिवशी दुपारी वारा सुटला, आणि पुन्हा स्वयंपाकघरभर धूर.

पुतण्या धाब्यावर जाऊन नुसता उभा राहिला. सात फुटांवर शेजाऱ्यांचं नवं स्लॅबचं घर, त्याचा कठडा धाब्यापेक्षा चार फूट उंच. आपला पाईप जेमतेम दोन फूट. कठड्यावरून आलेला वारा गिरकी घेऊन थेट पाईपच्या तोंडात उतरत होता. नियम साधा आहे: पाईप छपरापासून किमान तीन फूट वर हवा, आणि दहा फुटांच्या आत जे काही उंच असेल त्याच्याही दोन फूट वर. शेजारी स्लॅब पडला तेव्हा हे कुणाच्या ध्यानात येणार?

पाईप सहा फुटांवर नेला. एवढा उंच पाईप वाऱ्यात हलतो, म्हणून तिन्ही बाजूंनी तारेचे ताण दिले. वर टोपी. टोपीखाली जाळी, नाहीतर चिमण्या घरटं करतात. आणि जिजींना एक सूचना: चूल पेटली की मागचं दार थोडं उघडं ठेवायचं. बाहेरची हवा आत आलीच नाही, तर धूर वर ओढला जात नाही. झाडायला दोरीला बांधलेला गोणपाटाचा बोळा आणि खाली दगड, एवढं पुरे.

आखाजीची सकाळ. गौराई मांडलेली, घागरीवर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवलेलं. खापर तापलं. जिजींनी पुरणपोळीचा मांडा दोन्ही हातांवर फिरवत फिरवत मोठा केला आणि अलगद खापरावर सोडला. घरात धुराचा वासही नाही.

तेवढ्यात शेजारच्या गच्चीवरून आवाज आला. तिथे खाटेवर बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळत घातले होते.

"ओ जिजी! तुमना धूर आमना बिबडासवर येई ऱ्हायना!"