प्रशिक्षणाचा खर्च कुठल्या रकान्यात?

आयोजकांनी विषय दिलाय 'स्वयंसेवी संस्थांमधलं डिजिटल परिवर्तन आणि कौशल्य प्रशिक्षण'. इथल्या बहुतेकांनी आपापल्या संस्थेत एखादं सॉफ्टवेअर येताना आणि मग गुपचूप बंद पडताना पाहिलेलं आहे. त्यामुळे परिवर्तन म्हणजे काय, हे मी सांगत बसत नाही. मला बोलायचंय ते विषयाच्या दुसऱ्या अर्ध्या भागाबद्दल, कारण अंदाजपत्रकात कात्री लागते ती आधी त्यालाच.

एका संस्थेचं सांगतो, नाव घेत नाही. काम चांगलं, माणसं मनापासून राबणारी. घरोघर जायचं, गरोदर बायकांची आणि लहान मुलांची माहिती ठेवायची, गरज असेल त्याला दवाखान्यापर्यंत पोचवायचं. सगळा कारभार वह्यांमध्ये. मग देणगीदाराने प्रकल्प मंजूर केला: टॅबलेट, अ‍ॅप, डॅशबोर्ड. प्रशिक्षणाला मिळाला अर्धा दिवस. प्रोजेक्टरवर एक तरुण भराभर स्लाइड पुढे सरकवत होता, मागच्या रांगेतल्यांना अक्षरं दिसत नव्हती, आणि टॅबलेट तोवर खोक्यातच होते.

काही महिन्यांनी मी तिथं गेलो. कार्यकर्त्या दिवसभर वहीत लिहीत होत्या आणि रात्री घरी बसून तेच टॅबलेटवर भरत होत्या. देणगीदाराच्या अहवालाचा तक्ता वेगळा, म्हणून ऑफिसात कुणीतरी तेच आकडे पुन्हा एक्सेलमध्ये घेत होतं. एकच माहिती तीन वेळा, आणि त्यातली पहिली दोन ओझी एकाच बाईच्या डोक्यावर.

त्यांच्यातल्या एका ताईंची वही मी मागून घेतली. अ‍ॅपमध्ये प्रश्न होता, 'भेट झाली का? हो किंवा नाही.' वहीत होतं: 'कुणी नव्हतं', 'दारातूनच परत पाठवलं', 'बहिणीकडे गेलीय, आली की आधी इथं'. प्रत्येक नोंदीपुढे बाण आणि पुढची तारीख. मी विचारलं, ताई, हे अ‍ॅपमध्ये का नाही भरत? त्या म्हणाल्या, "तिथं जागा नाही. आणि मी त्यात इतकं भरते, मला त्यातून परत काय मिळतं?"

माझं सगळं भाषण त्या प्रश्नात आहे. कारण त्याच अ‍ॅपमध्ये शेरा लिहायला जागा होती, पुढच्या भेटीची तारीख टाकायची सोय होती, आणि रोज सकाळी 'आज कुठल्या घरी जायचं' याची यादीही येत होती. त्यांच्या वहीतले बाण जे करत होते, तेच. पण तो भाग शेवटच्या स्लाइडांमध्ये होता आणि तोवर वेळ संपला होता. टॅबलेट हातात देऊन कुणी शेजारी बसलं असतं, तर तासाभराचं काम होतं.

व्यवस्थापक मला म्हणाले, "आमच्या बायका तंत्रज्ञानाला घाबरतात." याचा मला राग आला, आजही येतो. त्याच बायका फोनवरून पैसे पाठवतात, व्हिडिओ कॉल लावतात. त्यांना भीती होती ती ऑफिसातल्या सूचनेची: टॅबलेट बिघडला तर भरपाई पगारातून. अशा ठिकाणी कोण बटणं दाबून बघेल? शिकताना चुकायची मुभा लागते. सरावासाठी खोटी नावं भरलेली वेगळी प्रत द्या, म्हणजे काहीही पुसलं गेलं तरी कुणाचं बिघडत नाही.

अर्ध्या दिवसाच्या प्रशिक्षणाबद्दल आणखी एक. जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांनी 1885 साली स्वतःच्या स्मरणशक्तीवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. निरर्थक अक्षरं पाठ करायची आणि किती विसरलो ते मोजायचं. पहिल्या काही तासांतच सगळ्यात जास्त निसटतं, उजळणी केली तर टिकतं. हे ठाऊक असूनही आपण वर्षातून एकदा सगळ्यांना एका खोलीत बसवतो आणि हजेरीपटाचा फोटो अहवालाला जोडतो.

हे होतं, कारण प्रशिक्षण 'प्रशासकीय खर्चा'च्या रकान्यात बसतं आणि तो रकाना जितका लहान तितकी संस्था प्रामाणिक, अशी समजूत आहे. 2009 मध्ये 'स्टॅनफर्ड सोशल इनोव्हेशन रिव्ह्यू'मध्ये यावर एक लेख आला होता. देणगीदार अवास्तव कमी खर्चाची अपेक्षा करतात, संस्था तो खर्च कमी दाखवतात, त्यामुळे अपेक्षा आणखी घटते, आणि संस्था आतून उपाशी राहते. 2013 मध्ये तर गाइडस्टार, चॅरिटी नेव्हिगेटर आणि बीबीबी वाइज गिव्हिंग अलायन्स या, स्वयंसेवी संस्थांची पारख करणाऱ्या तीन संघटनांनी अमेरिकेतल्या देणगीदारांना जाहीर पत्र लिहिलं, की फक्त या खर्चाच्या टक्केवारीवर संस्था जोखू नका. पत्राला इतकी वर्षं झाली, तरी अर्जांच्या नमुन्यात तो रकाना आहे तिथंच आहे.

चिठ्ठी आलीय, थोडाच वेळ उरलाय. काय करायचं ते आता भराभर सांगतो.

प्रस्ताव लिहिताना प्रशिक्षण कार्यक्रमाच्या खर्चात धरा, आणि दरवर्षी धरा. माणसं सोडून जातात, नवी येतात, अ‍ॅप बदलतं. बाहेरच्या तज्ज्ञाला फक्त सुरुवातीला बोलवा, पुढचं शिकवणं त्या ताईंसारख्या कार्यकर्तीकडे सोपवा, आणि त्याचे तास तिच्या पगारात मोजा. फुकट शिकवायला लावू नका.

दर वेळी नवं सॉफ्टवेअर विकतही घ्यावं लागत नाही. ओडीके हे मोबाइलवर माहिती भरून घेण्याचं साधन 2008 साली वॉशिंग्टन विद्यापीठात सुरू झालं. ते आणि त्याच प्रकारचं कोबोटूलबॉक्स, दोन्हींत नेटवर्क नसताना माहिती भरता येते आणि प्रश्नावली एक्सेलच्या तक्त्यात लिहिता येते. म्हणजे एक्सेल येणारा माणूस थोडं शिकला, तर 'हो किंवा नाही'च्या खाली 'कुणी नव्हतं' हा पर्याय तो स्वतःच घालू शकतो.

सुरक्षितता हेही कौशल्यच आहे, आणि ते फक्त संगणक विभागाचं नाही. जानेवारी 2022 मध्ये आंतरराष्ट्रीय रेड क्रॉस समितीच्या सर्व्हरमध्ये घुसखोरी झाल्याचं उघडकीस आलं आणि 5,15,000हून जास्त माणसांची माहिती हल्लेखोरांच्या हाती लागली होती. त्यात युद्धामुळे ताटातूट झालेली, बेपत्ता झालेली माणसं होती. एक महत्त्वाचा पॅच, म्हणजे सॉफ्टवेअरमधलं भोक बुजवणारी दुरुस्ती, वेळेत लागला नव्हता, हे समितीने स्वतःच सांगितलं. एवढ्या मोठ्या संस्थेची ही गत, तर आपण पासवर्ड भिंतीवर चिकटवून कसं चालेल? आणि जी माहिती वापरायची नाही ती गोळाच करू नका. घेतलीच नाही, तर चोरीला काय जाणार?

शेवटचं. करारावर सही करण्याआधी विक्रेत्याला तुमच्यासमोर सगळी माहिती सीएसव्ही फाइलमध्ये, म्हणजे एक्सेलसारख्या कुठल्याही प्रोग्रॅममध्ये उघडणाऱ्या साध्या तक्त्यात, बाहेर काढून दाखवायला सांगा. मग तीच फाइल संस्थेतल्या माणसाला स्वतः काढायला लावा. त्याला जमेपर्यंत सही थांबवा.