काळ्या डोळ्यांचे गॅनेट

नमस्कार श्रोतेहो. बर्ड फ्लूची बातमी आली की आपल्याकडे आधी चौकशी होते ती चिकनच्या भावाची. चिकन, अंडी नीट शिजवून खावीत हे घरोघरी ठाऊक आहे. आज बोलायचंय ते रानपक्ष्यांबद्दल.

स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यालगत समुद्रात एक उभा कातळ आहे, बास रॉक. गॅनेट या पांढऱ्याशुभ्र समुद्रपक्ष्यांची जगातली सर्वांत मोठी वसाहत २०२२पर्यंत इथे होती. सुमारे दीड लाख पक्षी! घरट्याला घरटं खेटून, मान वळवली की शेजाऱ्याला चोच लागावी इतकं. २०२२च्या जूनमध्ये तिथे बर्ड फ्लू शिरला. एरवी पांढऱ्याफेक दिसणाऱ्या कातळावर मोकळे डाग दिसू लागले. घरट्यांत मेलेले पक्षी, खाली पाण्यावरही मेलेले पक्षी. आणि जे जगले, त्यांच्यात एक नवल दिसलं. गॅनेटची बुबुळं फिकट निळी असतात. यातल्या काहींची चक्क काळी झाली होती! शास्त्रज्ञांनी १८ पक्ष्यांचं रक्त तपासलं. ८ पक्ष्यांच्या रक्तात या विषाणूशी झुंजल्याच्या खुणा सापडल्या, आणि त्या ८ पैकी ७ जणांची बुबुळं काळी होती. आजारातून उठलेला पक्षी डोळ्यांवरून ओळखू यावा! हे वाचल्यापासून मी भेटेल त्याला सांगत असतो.

आपल्याकडे २०२०च्या डिसेंबरअखेर हिमाचलातल्या पोंग जलाशयावर पट्टकदंब हंस मरू लागले. हजारो गेले. हेच हंस हिवाळ्यात जायकवाडीवरही उतरतात. लगेच खापर फुटतं ते पाहुण्या पक्ष्यांवर. पण या विषाणूचा वंश १९९६ साली चीनच्या ग्वांगडोंगमध्ये सापडला, तो पाळीव हंसात. पुन्हा सांगतो, पाळीव हंसात. पुढे रानपक्ष्यांनी तो दूरवर नेला, हे खरं. पण त्यांना तो दिला आपल्या खुराड्यांनी.

जाता जाता, भिगवणला नावेतून कुरव पक्ष्यांना शेव-गाठी टाकतात ना, ते कृपा करून थांबवा. फोटोसाठी शेकडो पक्षी एका जागी गोळा करायचे, हे मला मुळीच पटत नाही.

आणि मेलेला पक्षी दिसला, तर हात लावू नका. कावळा असो, बगळा असो, हात लावू नका. मुलांना, कुत्र्याला लांब ठेवा आणि वनविभागाला किंवा जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला त्याच दिवशी कळवा.