कुत्रं बाहेर बांधा, पण कडी तरी ठेवा

मंडळी, नमस्कार. पत्रिकेवर विषय छापलाय, ‘कुत्रं पाळणाऱ्यासाठी कुठला मुलूख चांगला’. जर्मनी, स्वित्झर्लंड, जपान, भूतान, गोवा असं सगळं सांगणार आहे, नोट्स काढून आणल्यात. पण सुरुवात इथनंच करतो. आज दुपारी मी इथल्या व्यवस्थापकांना फोन लावला आणि विचारलं, की संध्याकाळी आमच्या टिप्याला हॉलमध्ये आणलं तर चालेल का, मागं कोपऱ्यात गप बसतोय तो. ते म्हणाले, "बघू की." मी म्हटलं, बघू म्हणजे हो का नाही? तर म्हणाले, "या तर खरं, कुणी काय म्हटलं नाही तर चालतंय." आता माणूस लाखात एक, कुत्र्यांची मायाही आहे त्यांना, मी ओळखतो. पण हे जे "बघू की" आहे ना, आजचं माझं सगळं बोलणं ह्या दोन शब्दांबद्दल आहे. टिप्याला मी घरीच ठेवून आलोय.

हात वर करा बघू, कुणाकुणाकडं कुत्रं आहे? बरेच आहेत की. आणि त्यातल्या कितीजणांनी गेल्या वर्षभरात कुत्र्याला घेऊन बाहेरगावी मुक्काम केला? दोन. फक्त दोन. बाकीच्यांचं मला माहिती आहे, कारण आमच्याही घरात तेच चालतं, लग्नाला एकानं जायचं आणि एकानं कुत्र्याजवळ थांबायचं. आमच्या सख्ख्या पुतणीच्या लग्नात अक्षतांना मी होतो आणि पूजेला बायको. सहा वर्षं असंच चाललंय.

आता कुणी म्हणालं की आपल्याकडं कुत्र्यावर प्रेम नाही, तर मी त्याच्याशी भांडेन. वाडीला जाताय ना सगळे, नरसोबाच्या? दत्ताच्या तसबिरीत पायाशी चार कुत्री असतात आणि त्यांना आपण चार वेद म्हणतो. खंडोबाच्या घोड्याबरोबर कुत्रं असतंय, आणि त्याचे वाघ्ये स्वतःला देवाचं कुत्रं म्हणवून घेतात, अभिमानानं. नामदेवांची भाकरी कुत्र्यानं पळवली तर महाराज तुपाची वाटी घेऊन मागं धावले, कोरडी खाऊ नको रे म्हणून. धनगराचा कळप कुत्र्याशिवाय गाव ओलांडत नाही. आणि हा आमचा टिप्या करवानी आहे, जतकडच्या एका शेतकऱ्याकडनं आणलेला. पलीकडं कर्नाटकात ह्यालाच मुधोळ म्हणतात, तिथल्या संस्थानिक घोरपड्यांनी ही जात जपली, मालोजीराव घोरपड्यांनी तर थेट इंग्लंडच्या पाचव्या जॉर्ज बादशहाला ह्या जातीची पिल्लं भेट दिली होती. २००५ साली पोस्टानं देशी कुत्र्यांची तिकिटं काढली त्यात मुधोळ आहे. म्हणजे मानसन्मान सगळा आहे बघा, देवाजवळ जागा आहे, तिकिटावर जागा आहे. पण त्याच कुत्र्याला पट्टा लावून मी चहाच्या गाड्यावर उभा राहिलो की चार माणसं सरकतात आणि गाडीवाला माझ्याकडं बघायला लागतो, आणि त्याला स्वतःलाही ठरवता येत नाही की मला काय सांगावं.

आता तो कोकणातला किस्सा सांगतो. काहींनी ऐकलाय, परत ऐका.

तीन वर्षं झाली, डिसेंबर होता. आम्ही ठरवलं की ह्यावेळी टिप्याला ठेवून जायचं नाही, समुद्र दाखवायचा त्याला. गगनबावड्यावरनं करूळ घाट उतरायचा, वैभववाडी, तिथनं पुढं मालवणच्या अंगाला. मी एका लॉजला आठ दिवस आधी फोन केला. नाव सांगत नाही, गरज नाही. स्पष्ट विचारलं, कुत्रं आहे, मोठं आहे, चालेल ना? पलीकडनं आवाज आला, "या की बिनधास्त, आमच्याकडं पण कुत्रं आहे." मी ॲडव्हान्स पाठवला. आदल्या दिवशी परत फोन, परत "या की". रात्री आठ वाजता पोचलो, घाटात पोरानं दोनदा उलटी केलेली, टिप्या मागच्या सीटवर जीभ काढून बसलेला, सगळे दमलेले. काउंटरवर वेगळाच माणूस. त्यानं टिप्याला बघितलं आणि म्हणाला, "फॅमिली लॉज आहे साहेब." मी म्हटलं, आम्ही फॅमिलीच आहोत. "तसं नाही, कुत्रं चालत नाही." फोनवर कोण बोललं होतं? "तो आज नाही." मग मालकाला फोन लावा म्हटलं, मालक उचलेना. मी म्हटलं, तुमचा नियम कुठं लिहिलाय दाखवा, मी आत्ता जातो. तर म्हणाला, "लिहिलेला नाही, पण चालत नाही." बरं, आणि आम्ही हे बोलत असताना त्यांचं स्वतःचं कुत्रं काउंटरच्या खाली पाय ताणून झोपलेलं होतं, तपकिरी रंगाचं, एक कान दुमडलेला. ते उठून टिप्याजवळ आलं, वास घेतला, परत जाऊन झोपलं.

त्या रात्री आम्ही अजून तीन ठिकाणी विचारलं. एकानं सांगितलं गाडीत झोपवा. एकानं म्हटलं पाचशे रुपये जादा द्या, आणि कशाचे विचारलं तर "वासाचे". तिसऱ्यानं बघतो म्हणून आत जो गेला तो बाहेर आलाच नाही. शेवटी वाडीतल्या एका घरासमोर गाडी थांबवली, कारण पोराला पाणी पाहिजे होतं. एक म्हातारी बाहेर आली, सत्तरी पार केलेली, हातात बॅटरी. बायकोनं तिला सगळं सांगितलं. तिनं बॅटरी टिप्याच्या तोंडावर मारली, मग पायावर मारली, मग म्हणाली, "कुत्रो पडवेत ऱ्हवांदे, माजघरात नाय हां. आणि खळ्यात घाण केल्यान तर सकाळी तुमीच काढूची."

मंडळी, मला त्या क्षणी डोळ्यात पाणी आलं. खरं सांगतो. म्हणजे तिनं काही फार गोड बोलून आम्हाला घेतलं असं नाही, तिचा आवाज कडकच होता. पण चार तासांत पहिल्यांदा कुणीतरी आम्हाला सांगितलं होतं की इथपर्यंत चालेल, इथनं पुढं नाही, आणि तुमचं काम हे. तिनं गोणपाट दिलं, ते खांबाजवळ अंथरलं, करवंटीत पेज आणून ठेवली, आणि खांबाला एक लोखंडी कडी होती, गाय बांधायची जुनी, ती दाखवली. टिप्या रात्रभर हलला नाही. सकाळी सहाला उठून मी खळं बघितलं, घाण नव्हती, तरी झाडू मारला. ती चुलीजवळनं बघत होती, काही बोलली नाही. निघताना पैसे घेईना, मग बायकोनं नातवाच्या हातात ठेवले.

परत आल्यावर मी हाच प्रश्न धरून बसलो. त्यानंतर लेकीकडं बर्लिनला तीन महिने राहायचा योग आला आणि तिथं मला त्या म्हातारीचीच पडवी दिसली, फक्त सगळ्या शहराला लावलेली. सुपरमार्केटच्या दारावर कुत्र्याचं चित्र आणि खाली जर्मनमध्ये लिहिलेलं, ‘आम्हाला बाहेर थांबावं लागतं’. कुत्र्याच्याच तोंडी वाक्य! आणि त्याच पाटीच्या शेजारी भिंतीत हूक, पट्टा अडकवायला. बाई आत जाते, दूध घेते, कुत्रं बाहेर हुकाला बसलेलं असतंय, कुणी त्याला हाड म्हणत नाही, कुणी बिस्कीटही टाकत नाही. आत बंदी आहे, बाहेर सोय आहे.

अध्यक्षांची चिठ्ठी आली. दहा मिनिटं. बरं, मग मूळ विषय भराभर घेतो.

जर्मनी. तिथं कुत्र्यावर कर आहे, महापालिकेचा, बर्लिनमध्ये पहिल्या कुत्र्याला वर्षाला १२० युरो आणि पुढच्या प्रत्येकाला १८०. कर भरला की नंबरचा बिल्ला मिळतो. तुम्ही म्हणाल हे कसलं प्रेम, पण कर भरणारा माणूस नोंदीत येतो आणि नोंदीत आला की हक्कानं मागतो. ग्रुनेवाल्डचं जंगल आहे शहराच्या कडेला, तिथं तळ्याकाठी कुत्री मोकळी सोडायला राखून ठेवलेला मोठा भाग आहे. रेल्वेत मांजराएवढं कुत्रं पिशवीत असेल तर फुकट, मोठ्याला तिकीट, साधारण अर्धं, आणि तोंडाला जाळी. टिप्या सव्वीस इंची, म्हणजे अर्धं तिकीट. आणि आपल्याकडं कुत्र्यावरचा कर ऐकून हसू नका, आपल्या राज्याच्या १९४९ च्या महापालिका कायद्यात कुत्र्यांवर कर बसवायची तरतूद आहेच.

स्वित्झर्लंड. खांद्यापर्यंत ३० सेंटिमीटरच्या आतलं कुत्रं पिशवीत फुकट, त्याच्यावर अर्धं तिकीट, टेप लावून मोजता येईल इतकं स्पष्ट. फिरायच्या वाटांवर हिरव्या पेट्या, त्यातनं पिशवी काढायची, कुत्र्याचं उचलायचं, त्याच पेटीत टाकायचं. ब्रिटनमध्ये एका प्रवाशाबरोबर दोन कुत्री रेल्वेत फुकट, लंडनच्या भुयारी रेल्वेतही कुत्रं चालतं, मात्र सरकत्या जिन्यावर उचलून घ्यायचं. पण तिथंच इंग्लंडमध्ये २०१६ पासून प्रत्येक कुत्र्याला कातडीखाली ओळखीची मायक्रोचिप सक्तीची आहे आणि घाण उचलली नाही तर दंड. जपान सगळ्यात कडक, रेल्वेत पेटीसकट १० किलोच्या आत, पेटीतनं बाहेर काढायचं नाही. टिप्याला तिथं रेल्वे बंदच. पण ते तुम्हाला घरी बसून कळतं, रात्री आठ वाजता दारात नाही कळत.

तुमच्या लक्षात येतंय का मी काय म्हणतोय? जिथं नियम स्पष्ट असतात आणि पाळले जातात तिथंच कुत्र्याला जास्त ठिकाणी जाता येतं. कारण कुत्रं नको असणाऱ्या माणसालाही तिथं भरवसा असतोय की हा पट्टा सोडणार नाही, हा घाण उचलणार. आपल्याकडं आपण तो भरवसाच कमावलेला नाही, आणि हे मी आपल्या कुत्रेवाल्यांना सांगतोय. रंकाळ्यावर सकाळी किती जणांच्या हातात पिशवी असते? मी मोजत असतो. परवा फक्त एकाच पोरीच्या हातात होती, कॉलेजातली असेल.

दुसरं, भटकी कुत्री. पट्टा लावलेलं कुत्रं घेऊन आपण निघालो की प्रत्येक गल्लीची पाच-सहा अंगावर येतात, त्यामुळं म्हातारी माणसं कुत्रं फिरवायचंच बंद करतात. हे सुटतच नाही असं नाही. भूतानं २०२३ साली जाहीर केलं की देशातल्या सगळ्या भटक्या कुत्र्यांची नसबंदी झाली, चौदाएक वर्षं लागली त्यांना, पण केलं. गोव्यात गावोगाव फिरून कुत्र्यांना रेबीजच्या लसी टोचल्या. गोवा आपल्याला आंबोलीतनं किती लांब आहे? सुप्रीम कोर्टानंही २२ ऑगस्ट २०२५ ला सांगितलं होतं, नसबंदी आणि लस करून कुत्रं त्याच भागात सोडा, पिसाळलेलं आणि हल्ला करणारं सोडून, आणि खायला घालायच्या जागा ठरवून द्या. परत तेच, जागा ठरवून द्या.

आपल्याकडं काही लिहिलेलं नाही असंही नाही. रेल्वेचा नियम लिहिलेला आहे, फर्स्ट एसीत दोन बर्थचा कूपे किंवा चार बर्थची केबिन अख्खी तुमची असेल तर कुत्रं बरोबर, नाहीतर गार्डाच्या डब्यातली पेटी. पार्सल ऑफिसात जायचं, डॉक्टरचं सर्टिफिकेट न्यायचं. सोसायटीचं म्हणाल तर भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या सूचना आहेत, बहुमतानं ठराव केला तरी कुत्रं पाळायला बंदी घालता येत नाही, लिफ्टही अडवता येत नाही. प्रिंट काढून ठेवा घरात. आणि ज्यांची पोरं परदेशात आहेत त्यांनी एवढं ऐका, कुत्रं युरोपात न्यायचं असेल तर आधी चिप, मग रेबीजची लस, तीस दिवसांनी रक्ताची तपासणी, त्यानंतर तीन महिने थांबायचं. व्हिसाच्या आधी कुत्र्याची तयारी सुरू करा. ऑस्ट्रेलियाला तर भारतातनं थेट नेताच येत नाही.

दुसरी चिठ्ठी आली. संपवतो.

आमच्या गल्लीच्या तोंडाला एक चहावाला आहे. मघाशी म्हटलं ना, गाडीवाला ठरवू शकत नाही, तो हाच. गेल्या दिवाळीत मी त्याला म्हटलं, दादा, तू एकदाच ठरव, हो किंवा नाही, मी परत विचारणार नाही. त्यानं दोन दिवस घेतले. मग म्हणाला, "काका, गिऱ्हाईक डावीकडनं येतंय, कुत्रं उजव्या अंगाला बांधा, गाड्याच्या चाकाला नको, गाडा हलतोय." मी लोहाराकडनं एक कडी करून आणली आणि उजवीकडच्या भिंतीत ठोकली, घरमालकाला विचारून. आता सकाळी तिथं टिप्या असतोय, शेजारच्या डॉक्टरांची लॅब्रॉडॉर असते, आणि ज्यांना कुत्र्याची भीती वाटते ते डावीकडं बिनघोर चहा पितात. ते सरकायचे बंद झालेत.

त्याच लोहाराकडनं अजून सहा कड्या करून आणल्यात. ह्या पिशवीत आहेत, स्क्रू बरोबर दिलेत. ज्यांचं दुकान आहे, हॉटेल आहे, दवाखाना आहे, त्यांनी जाताना एकेक घेऊन जा. कुत्र्याला आत घेऊ नका, माझा आग्रह नाही. एक कडी आपल्याच हॉलच्या फाटकाला बसवायची म्हणतोय, व्यवस्थापकसाहेब इथंच बसलेत, त्यांनी हो का नाही ते आत्ताच सांगावं.