अडतिसावा फोटो

(दृश्य : लेन्स काढलेला कॅमेरा. आतला आरसा. खटका.)

हा आवाज पुन्हा एकदा ऐका. कानाला एकच खटका वाटतो, पण तेवढ्यात तिरका बसलेला आरसा वर उचलला जातो, मागचा कापडी पडदा, म्हणजे शटर, सरकतो आणि आरसा परत जागेवर येतो. अशा कॅमेऱ्याला एसएलआर म्हणतात, आणि त्याची सगळी करामत या आरशात आहे. लेन्समधून आलेला उजेड तो वर फेकतो, वरच्या लोलकात तो वळतो आणि आपल्या डोळ्यापर्यंत पोचतो. म्हणून लेन्सला जे दिसतं तेच आपल्याला दिसतं. फक्त फोटो निघताना आरसा वर गेलेला असतो, त्यामुळे डोळ्यापुढे अंधार. टिपलेला नेमका क्षण टिपणाऱ्याला कधी दिसतच नाही.

पेंटॅक्स के १०००. १९७६ साली बाजारात आला, १९९७ पर्यंत बनत होता. आत बटणाएवढी बॅटरी असते, ती फक्त उजेड मोजणाऱ्या काट्यापुरती. ती संपली तरी फोटो निघतात. आबांनी हा वापरलेलाच घेतला होता, बांधकाम खात्यात नकाशे काढायचे तेव्हा. आता तो माझ्या भाचीच्या हातात आहे. ती एकोणीस वर्षांची. तिच्या मोबाइलमध्ये अकरा हजार फोटो आहेत. त्यातले पुन्हा किती पाहिलेस, हे मी विचारलं नाही.

(दृश्य : इंदूर, रामबागेतलं घर, ओटा. रोल भरणं, जवळून.)

डावीकडची चकती वर ओढली की मागचं दार उघडतं. रोल खाचेत बसवायचा, फिल्मचं शेपूट ओढून उजवीकडच्या रिळाच्या फटीत सरकवायचं, लिव्हर एकदा फिरवायची, दातांवर भोकं बसली का बघायचं, दार लावायचं. आबा शेजारी बसून बघतायत. मधेच हात पुढे करतात, मग मागे घेतात.

आता डावीकडच्या त्या चकतीकडे लक्ष द्या. भाची लिव्हर ओढतेय, एकदा, दोनदा. चकती हलत नाही. फिल्म रिळात अडकली असती तर लिव्हरबरोबर चकतीही फिरली असती. हे इतकं स्वच्छ चित्रित झालंय, पण त्या वेळी ना तिला दिसलं, ना आबांना. कॅमेऱ्यामागे मी होतो. मलाही नाही.

(दृश्य : राजवाडा. रंगपंचमी. गेर.)

इंदूरची गेर, म्हणजे रंगपंचमीची मिरवणूक. टँकरवरून उडणारं रंगीत पाणी, गुलालाचे ढग, आणि मागे सात मजल्यांचा राजवाडा, खालचे तीन दगडी, वरचे लाकडी. कॅमेऱ्याला प्लास्टिकची पिशवी, लेन्सपुरतं भोक पाडून रबर लावलेलं. आबा घरीच थांबलेत. आदल्या रात्री त्यांनी एवढंच सांगितलं : रोल चारशेचा आहे (हा आकडा जितका मोठा, तितका उजेड कमी लागतो), ऊन कडक असलं तर काट्याकडेही बघू नकोस. एफ सोळा, म्हणजे लेन्सचं तोंड बारीक, आणि शटर सेकंदाचा १/५००. शंभरचा रोल असता तर १/१२५. कडक उन्हात एफ सोळा लावायचं आणि शटर रोलच्या आकड्याच्या आसपास ठेवायचं, हा जुन्या फोटोग्राफरांचा पाढा. १/५०० ला पाण्याचा थेंब हवेत थांबतो. १/३० ला त्याची दोरी होते.

"भिया, जरा हटो ना!" हा आवाज भाचीचा. घरात मराठी, रस्त्यावर इंदोरी.

तिनं एका टँकरवर चार फोटो घातले, मग जरा सावरली. रोलमध्ये फोटो छत्तीसच आहेत म्हटल्यावर माणूस थांबतो. या मुलासाठी ती किती वेळ उभी आहे बघा. पिचकारी रिकामी झाली, त्यानं मान वर केली, आणि मग खटका. हे थांबणं मोबाइल शिकवत नाही. मोबाइलवाल्यांनी रागावू नये, मीही त्यातलाच आहे.

पस्तीस. छत्तीस. सदतीस. लिव्हर अजून फिरतेय. अडतीस.

(दृश्य : घर. आबा कॅमेरा कानाशी धरून लिव्हर ओढतात. दार उघडतात. फिल्मचं शेपूट फटीबाहेर, कोरडं. आबांचा चेहरा, भाचीचा चेहरा. निवेदन नाही.)

रोल शाबूत होता. गेर गेली. लेन्सच्या कड्यात गुलाल शिरला, ते अजून करकरतं.

(दृश्य : कृष्णपुरा छत्री, सकाळ.)

तोच रोल, पुन्हा भरलेला. खान नदीच्या काठी या होळकरांच्या छत्र्या, म्हणजे त्यांची स्मारकं. यातली एक दुसऱ्या तुकोजीरावांची, आणि ती दाखवल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. लाला दीनदयाळ रुडकीला इंजिनिअरिंग शिकून इंदूरच्या बांधकाम खात्यात नकाशे काढायला आले, ते १८६६ साली. कॅमेरा त्यांच्या हातात आला तो इथे, आणि त्यांना उत्तेजन देणाऱ्यांत हे तुकोजीराव होते. पुढे ते निजामाचे दरबारी छायाचित्रकार झाले. त्यांचं काम काचेच्या प्लेटवर चालायचं. छत्तीस ही चैनच म्हणायची. खातं तेच, काम तेच, म्हणून आबा दीनदयाळांबद्दल ऑफिसातल्या सीनियरसारखं बोलतात.

इथे भाची फसते. खांबाआडून शिखर, मागे सगळं पांढरं आकाश. काटा मध्यावर आलाय, म्हणजे त्याच्या मते उजेड बरोबर, ती खूश. आबा मान हलवतात.

"काटा आभाळाला भुललाय. दगड काळा येईल."

काट्याला शिखर कळत नाही, आकाश कळत नाही. चौकटीतला सगळा उजेड तो एकत्र मोजतो आणि सरासरी करड्याला धरून चालतो. "खाली फरशीकडे वळव. तिथे काटा लाव. आता आकड्यांना हात न लावता वर बघ."

ती वर बघते. आता काटा पार वर चढलाय, चूक सांगतोय. तिचं बोट बटणावर आहे आणि दाबवत नाही. हे अकरा सेकंद आम्ही कापले नाहीत.

(खटका.)

(दृश्य : सराफा, रात्र.)

दिवसा सोन्याचांदीची पेढी, रात्री त्याच ओट्यांसमोर भुट्ट्याचा कीस आणि जिलब्या. कढईवरचा दिवा तेवढा उजेड. एफ दोन, १/३०. कोपर पोटाशी, पाठ शटरला टेकलेली, दुकानाच्या शटरला. श्वास सोडून दाबायचं. या वेळी ती लिव्हर ओढताना चकतीवर अंगठा ठेवते. दर वेळी.

रोल धुवायला मुंबईला पाठवला. सतरा दिवस लागले, आणि पैसे विचारू नका.

(दृश्य : फोटो, एकेक.)

छत्रीचं शिखर. आकाश कोरं पांढरं, दगडावरची नक्षी पूर्ण.

कढईतला हात. बोटं पुसट, झारा स्पष्ट.

आबा, झोपाळ्यावर. एफ दोन, १/३०. चष्म्याच्या काचेत खिडकी दिसते, चेहरा थोडा हललाय. झोपाळा हलला की कॅमेरा, यावर घरात अजून एकमत नाही.