यंत्राला एकच टोकन चालतं

नमस्कार श्रोतेहो,

आज बोलायचंय ते आर्केडच्या टोकनांबद्दल. व्हिडिओ गेमच्या दुकानात शिरायचं, काउंटरवर डॉलरची नोट द्यायची आणि मूठभर पितळी चकत्या घेऊन मशीनकडे पळायचं, त्या चकत्या. एका बाजूला दुकानाचं नाव, दुसऱ्या बाजूला गरुड नाहीतर किल्ला, आणि बारीक इंग्रजी अक्षरांत ‘नो कॅश व्हॅल्यू’. म्हणजे ही परत करून पैसे मागायला येऊ नका.

उत्तर अमेरिकेतल्या आपल्या मराठी घरांची बेसमेंटं तुम्हाला माहीतच आहेत. एका कोपऱ्यात गणपतीच्या मखराचे खोके, दुसरीकडे कॅरम, मध्ये टेबल टेनिसचं टेबल, त्यावर वाळत घातलेले कपडे. काही घरांत हल्ली तिथे कपाटाएवढं जुनं गेमचं मशीनही येऊन उभं राहतं. पॅकमॅन, गॅलगा, असलं काहीतरी. ते आणणारा बहुतेक वेळा घरातला बाबा असतो आणि निमित्त मुलांचं असतं, हे सांगायला नको.

मशीन आलं की पहिला सल्ला मिळतो, ‘फ्री प्ले’वर टाका. बहुतेक मशीनच्या आतल्या बोर्डावर छोट्या खिट्ट्या असतात. त्यातल्या दोन-तीन इकडच्या तिकडे केल्या की पैसे न टाकता खेळता येतं. सल्ला सोयीचा आहे, पण मला तो पटत नाही. फुकटच्या खेळात मुलं उरलेले जीव तसेच सोडून कॅरमकडे वळतात. पॅकमॅनमधल्या भुतानं गाठलं काय, न गाठलं काय, कोणाला पर्वा! हे खेळ रचले गेले तेच मुळी पाव डॉलरच्या नाण्यावर, म्हणजे क्वार्टरवर डोळा ठेवून. डिफेंडरसारखा खेळ नवख्याला मिनिटभरात बाहेर काढतो, कारण पुढचं नाणं पडल्याशिवाय मालकाचं भाडं निघत नाही. खेळातली ती धाकधूक नाण्याशी बांधलेली आहे. त्याच मुलांच्या हातात मोजून पाच टोकन ठेवा आणि मग बघा, शेवटचं टोकन टाकण्याआधी कसा विचार होतो ते.

१९७२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेल गावच्या एका दारूच्या गुत्त्यात अटारी कंपनीनं पाँगचं पहिलं मशीन ठेवलं. थोड्याच दिवसांत निरोप आला, मशीन बंद पडलंय. ते बनवणारा इंजिनिअर अ‍ॅल अल्कॉर्न दुरुस्तीला गेला, पेटी उघडली, तर आत नाण्यांचा ढीग. नवीन नाण्याला जागाच नव्हती, म्हणून खेळ अडला होता. या धंद्याचा जन्मच नाण्याच्या पेटीत झाला म्हणा ना.

मग मालकांना टोकन कशाला हवं होतं? चोरी हे एक कारण. क्वार्टरनं भरलेली पेटी फोडली तर चोराला रोकड मिळते, टोकनांची पेटी फोडून त्याला पितळच मिळणार. दुसरं कारण भावाचं. क्वार्टर हा क्वार्टरच राहतो, महागाई कितीही वाढो. टोकन आज डॉलरला चार द्या, पुढच्या वर्षी तीन द्या, गिऱ्हाईक कमी असलं की मंगळवारी पाच द्या. मशीनला हात लावायची गरज नाही. पण मालकाला सगळ्यांत प्यारं कारण तिसरंच होतं. गिऱ्हाईक पाच डॉलरची टोकन घेतं, चार डॉलरची खेळतं आणि उरलेली खिशात घालून घरी जातं. त्या न खेळलेल्या डावांचे पैसे मालकाला मिळालेलेच असतात. आज फ्ली मार्केटमध्ये बरणी भरभरून जी टोकन विकायला येतात, त्यातली बरीचशी अशी खिशातून घरी गेलेली, खणात पडून राहिलेली. म्हणजे आपण संग्राहक लोक जमवतो ते दुसऱ्यांचे राहून गेलेले डाव.

कल्पना मात्र व्हिडिओ गेमपेक्षा जुनी आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या दारूच्या दुकानांत जुगाराची मशीन असत. रोख पैसे दिले तर कायद्याची अडचण, म्हणून ती टोकन द्यायची. त्यावर लिहिलेलं, याच्या बदल्यात पाच सेंटचा माल मिळेल. माल म्हणजे काय, ते दुकान कसलं होतं यावरून ओळखा.

आर्केडच्या टोकनांत सगळ्यांत जास्त सापडतात ती चक ई. चीज या पिझ्झाच्या साखळीची. अटारीच्याच नोलन बुशनेलनं १९७७ मध्ये सॅन होजेला पिझ्झाचं पहिलं दुकान काढलं, त्यात गाणारे यांत्रिक प्राणी आणि गेमची मशीन. डोकं बघा त्याचं. पिझ्झा भाजायला वेळ लागतो, तेवढ्या वेळात मुलं टोकन संपवतात. अमेरिकेच्या नाण्यावर ‘आम्ही देवावर विश्वास ठेवतो’ असं लिहिलेलं असतं; या टोकनावर त्याच ऐटीत लिहिलं, ‘आम्ही पिझ्झावर विश्वास ठेवतो’. नंतरच्या टोकनांवर या साखळीचं चिन्ह असलेला उंदीरमामा वेगळा, मजकूर वेगळा, काहींवर वर्षही आहे. त्यामुळे नवशिक्याला संग्रह सुरू करायला ही मालिका उत्तम. स्वस्त, भरपूर, आणि फरक डोळ्यांना दिसणारे. २०१०च्या दशकात या साखळीनं प्लास्टिकची कार्डं आणली आणि टोकन हळूहळू मागे पडली.

दुसरं नाव अलादिन्स कॅसल. गेमची मशीन बनवणाऱ्या बॅली कंपनीच्या मालकीची ही आर्केडची साखळी एकेकाळी मॉलमॉलमधून पसरलेली होती. टेक्सासमधल्या मेस्किट शहरानं नियम केला होता की सतरा वर्षांखालच्या मुलानं पालकाशिवाय नाण्याच्या मशीनवर खेळायचं नाही. आधी या दुकानापुरती सवलत दिली, सात वर्षांपुढची मुलं चालतील म्हणून, आणि मग ती काढून घेतली. भांडण अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं, निकाल १९८२ चा. त्या साखळीचं टोकन हातात आलं की मला नेहमी वाटतं, या एवढ्याशा चकतीसाठी काळे झगे घातलेली नऊ माणसं बसली होती.

आता मुद्द्याचं बोलतो, कारण घरच्या गेमरूमसाठी टोकन जमवणाऱ्याची खरी अडचण इथेच आहे. संग्राहकाला हवी असतात नाना तऱ्हेची टोकन. यंत्राला एकच चालतं.

मशीनच्या दाराआड नाणं तपासणारा एक भाग असतो, त्याला कॉइन मेक म्हणतात. जुना मेक पूर्ण यांत्रिक आहे, त्याला वीज लागत नाही, आणि तरी तो नाण्याची चार प्रकारे परीक्षा घेतो. आधी फट, जाड किंवा मोठं नाणं तिथेच अडतं. मग एक छोटा पाळणा, त्यावर पडलेलं नाणं वजनात किंवा व्यासात कमी असलं की पाळणा कलत नाही. मग उतारावरून घरंगळताना ते चुंबकाजवळून जातं. लोखंडी असेल तर चिकटून बसतं. लोखंडी नसेल तरी त्या धातूत क्षणभर वीज फिरते आणि नाण्याचा वेग मंदावतो, तांब्या-पितळेचा एका मापानं, दुसऱ्या मिश्रधातूचा दुसऱ्या मापानं. वेग बरोबर असेल तरच ते ठरल्या जागी आपटून ठरल्या बाजूला उडी घेतं आणि खाली तारेला धक्का देतं. तार हलली की पडद्यावर तुमचा डाव जमा. बाकी सगळं खडखडत खाली, परत तुमच्या हातात.

क्वार्टरचा व्यास २४.२६ मिलिमीटर, वजन ५.६७ ग्रॅम. अमेरिकेत सगळ्यांत जास्त चालणारं टोकन त्याहून किंचित मोठं, ०.९८४ इंचाचं. जाणकार त्याला नुसतं ‘नाइन एटी फोर’ म्हणतात. आपल्या मापात ते होतं बरोबर २५ मिलिमीटर. आणि इथे आपल्या लोकांसाठी एक गंमत आहे. भारतात १९९२ पासून पाडलेला स्टीलचा एक रुपया आठवतोय? त्याचाही व्यास २५ मिलिमीटरच! फटीत तो आरामात शिरतो. पण वजन ४.८५ ग्रॅम, आणि ते स्टील चुंबकाला चिकटणारं. त्यामुळे रुपया पाळण्यावरून निसटला तरी चुंबकापाशी अडकून बसतो. मशीनच्या दारावरचं लाल बटण दाबलं की मेक उघडतो आणि अडकलेलं नाणं खरवडून खाली पाडतो. ते बटण मुख्यतः यासाठीच आहे. सुट्टीत भारतातून आलेली भाचरं हा प्रयोग करतातच, तेव्हा घाबरू नका.

मापं जुळली की काय होतं, याचा नमुना आपल्या शेजारीच घडला आहे. कनेक्टिकट टर्नपाइकच्या टोलचं टोकन साडेसतरा सेंटांना मिळायचं. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कच्या सबवेचं तिकीट ७५ सेंट होतं, पुढे ९० झालं. दोन्ही टोकन मापानं इतकी सारखी की सबवेचं फाटक फरक ओळखेना. लोकांनी काय केलं असेल ते सांगायला हवं का? दोन राज्यांत वादावादी झाली, आणि १९८५ मध्ये कनेक्टिकटनं तो टोलच बंद केल्यावर प्रकरण मिटलं.

तर घरासाठी काय करावं? माझं मत स्पष्ट आहे. खेळायची टोकन आणि ठेवायची टोकन पहिल्या दिवसापासून वेगळी करा. खेळायला ०.९८४ ची एकसारखी दोन-तीनशे टोकन एकगठ्ठा घ्या. साधी, गरुडाची, कुठल्याही दुकानाचं नाव नसलेली. ती नवीन मिळतात. क्वार्टरचा मेक काढून त्या जागी टोकनचा मेक बसवणं सोपं काम आहे, बहुतेक दारांत तो चिमट्यासारख्या खटक्यानं निघतो आणि तसाच बसतो. दाराला दोन फटी असतील तर एक टोकनला द्या, दुसरीत क्वार्टरचा मेक राहू द्या. येणाऱ्या पाहुण्यांपैकी कोणीतरी हौसेनं खरं नाणं टाकतंच, आणि ते परत मागत नाही.

तुमच्या मनात एखादं खास टोकनच असेल, समजा लहानपणी ज्या मॉलमध्ये जायचात तिथलं, आणि ते वेगळ्या मापाचं असेल, तर इलेक्ट्रॉनिक कंपेरेटर घ्या. त्याच्या आत नमुन्याचं एक टोकन अडकवून ठेवायचं. बाहेरून पडणारं टोकन तो तारेच्या वेटोळ्यांमधून जाऊ देतो आणि नमुन्याशी ताडून पाहतो. जुळलं तर आत, नाही तर परत. नमुना बदलला की आवड बदलली. मात्र त्या जातीची टोकन तुमच्याकडे पन्नास-शंभर तरी हवीत. एकुलत्या एका टोकनासाठी ही खटपट करणं म्हणजे हौसेला मोल नाही.

ठेवायच्या टोकनांबद्दल थोडक्यात. नाण्यांच्या दुकानात पुठ्ठ्याची चौकोनी पाकिटं मिळतात, त्यात घाला. मऊ पीव्हीसीच्या प्लास्टिकचे कप्पे टाळा, त्यानं पितळावर हिरवट चिकट थर धरतो. आणि एक कळकळीची विनंती, संग्रहातल्या टोकनाला चिंच किंवा पितांबरी लावू नका. देवघरातली समई घासायची सवय हाताला असते, मला कळतं. पण घासलेल्या टोकनाची नक्षी बोथट होते आणि जाणकार ते बाजूला सारतो. खेळायची टोकन मात्र भांड्यांच्या साबणात बिनधास्त धुवा. शेकडो हातांतून फिरून आलेली असतात ती, आणि त्यातले अर्धे हात पिझ्झाचे.

ज्यांना पुढे वाढायचंय त्यांच्यासाठी अमेरिकेत १९६० पासून टोकन अँड मेडल सोसायटी आहे. बस-रेल्वेच्या टोकनांचं वेड असणाऱ्यांची संघटना तर त्याहून जुनी, १९४८ ची. आणि टोकन अजून खेळात वापरली जाताना पाहायची असतील तर न्यू हॅम्पशरमधल्या लकोनियाला जा. तिथलं फनस्पॉट १९५२ पासून चालू आहे. क्लासिक आर्केडचं संग्रहालयही तिथेच आहे, आणि पॅकमॅनचा ३३,३३,३६० गुणांचा निर्दोष डाव १९९९ मध्ये तिथल्याच मशीनवर खेळला गेला. बॉस्टनहून साधारण दोन तासांचा रस्ता. उन्हाळ्यात विनीपेसॉकी सरोवर पाहायला बरीच मराठी कुटुंबं त्या बाजूला जातात, त्यांना वाट वाकडी करावी लागणार नाही. तिथली टोकन उरली तर परत करायच्या भानगडीत पडू नका, घेऊन या.

एक व्यवहाराची गोष्ट राहिली. जुनं मशीन विकत घेताना नाण्यांच्या पेटीची किल्ली बहुधा मिळत नाही. कुलूप ड्रिलनं फोडावं लागतं, मग हार्डवेअरच्या दुकानातून त्या मापाचं नवं कुलूप आणायचं. त्याच्या दोन किल्ल्या येतात. एक तुमच्याकडे ठेवा. दुसरी घरात आजी असेल तर तिच्याकडे द्या आणि पेटीतली टोकन पुन्हा वाटायचं काम तिच्याकडेच सोपवा. शुभंकरोती म्हटल्याशिवाय एकही टोकन बाहेर पडणार नाही, एवढं मी खात्रीनं सांगतो.

नमस्कार.